‘डउका पुराण’ आणि गिरमिटियांची भाषा

सुब्रमणी यांची ‘डउका पुराण’ ही कादंबरी २००१ साली देवनागरी लिपीत प्रसिद्ध झाली. ग्रंथालयात ती हिंदी विभागात सापडेल. परंतु तिची भाषा आपण शाळेत शिकलेली हिंदी नव्हे. ती फिजी बेटांतील भारतीयांची घरगुती बोली, ‘फिजी बात’ होय. आमची सारी शासकीय सेवा शुद्ध हिंदीत टिपणे लिहिण्यात गेली. त्यामुळे आरंभीची पृष्ठे वाचताना आमचा हात नकळत दुरुस्तीच्या लेखणीकडे वळला, हे आधीच कबूल केलेले बरे. कारण या पुस्तकावरील मुख्य आक्षेपही तोच आहे : ही मोडकीतोडकी हिंदी, तिच्यात साहित्य कसले?

या आक्षेपाचा विचार करण्यासाठी या भाषेचा जन्म पाहिला पाहिजे. मे १८७९ मध्ये ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले मजूर घेऊन फिजीला लागले. १९१६ पर्यंत अशी साठ हजारांवर माणसे उसाच्या मळ्यांवर गेली. करारपत्राच्या ‘ॲग्रिमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले आणि माणसे ‘गिरमिटिया’ ठरली. त्यांतील बहुसंख्य अवधी व भोजपुरी मुलखांतील; १९०३ पासून मद्रासच्या बंदरातून तमिळ, तेलुगू बोलणारेही आले. मळ्यावर हुकूम सुटत ते बाजारी हिंदुस्थानीत. या साऱ्या बोली एका वस्तीत नांदल्या आणि तेथे जन्मलेल्या मुलांच्या तोंडी त्यांची एक मातृभाषा झाली.

तिची क्रियापदे पाहावीत. ‘हम जाएगा’, ‘तुम जाएगा’. परंतु तृतीय पुरुषी ‘ऊ जाई’. पहिली दोन रूपे बाजारी हिंदुस्थानीची, तिसरे पूर्वेकडील बोलींचे. ‘ऊ देखिस’ यातील प्रत्यय अवधीचा. चूक असती तर ती प्रत्येकाने आपापल्या परीने केली असती. येथे पिढ्यान्‌पिढ्या सर्वजण एकाच रीतीने क्रियापद चालवतात. याला व्याकरण म्हणतात.

तरीही १९३५ साली सुरू झालेल्या ‘शांतिदूत’ साप्ताहिकाने आणि तेथील शाळांनी मानक हिंदीच प्रमाण मानली. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या सुब्रमणींनी हा संकेत मोडला. त्यांचे नाव दक्षिणेकडचे. म्हणजे ही भाषा कोण्या एका प्रांताची राहिलेली नाही, याची खूण लेखकाच्या नावातच आहे. निवेदक फिजीलाल हा खेड्यातला माणूस. तो मानक हिंदीत बोलता तर त्याची मिस्किली पहिल्याच पानावर खोटी वाटली असती. शीर्षकातील ‘पुराण’ हा शब्द भारदस्त, आणि सांगणारा मात्र उनाड. कादंबरीतील विनोद या विसंगतीतून जन्मतो.

मात्र कथन पुराणिकाच्या ऐसपैस चालीने जाते. काही ठिकाणी काटछाट उपकारक ठरली असती. शिवाय ही बोली केवळ विनोदालाच शोभते की काय, अशी शंका उरते. तिचे उत्तर सुब्रमणींनी २०१८ साली ‘फिजी माँ’ ही सुमारे हजार पृष्ठांची, स्त्रीला केंद्रस्थानी ठेवणारी कादंबरी याच भाषेत लिहून दिले.

आमच्यासारख्या घराण्यांना हा विषय परका नाही. आपल्या अंगणात ‘काय करून राहिला?’ असे कोणी विचारले की पुण्याचा पाहुणा हसतो आणि आपण खजील होतो. वस्तुतः त्या ‘राहिला’मध्ये हिंदीचा पिढ्यांचा शेजार नोंदलेला आहे. अर्थात आपली तुलना गिरमिटियांशी करणे उचित नव्हे. आपल्या मागे ग्रंथभांडार होते, मुलखाकडे परतण्याची वाट होती. त्यांना बहुधा दोन्ही नव्हते. तरी त्यांच्यातून आपल्या बोलीत कादंबरी लिहिणारा निघाला. आपण मात्र लिहावयास बसलो की घरची बोली उंबऱ्याबाहेर ठेवतो. प्रस्तुत टिपणही त्यास अपवाद नाही.

वाचकांनी हे पुस्तक मिळवावे आणि निदान दहा पृष्ठे मोठ्याने वाचावीत. आम्ही तसे केले, तेव्हा लेखणी खाली ठेवली.