सिंहलाचे सैन्य आणि माराची सेना

अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. तलवार किंवा भाला सुटा पाहिला तर ते केवळ हत्यार असते. तेच ओळीने मांडले की राजसत्तेची भाषा बोलू लागते. युद्धचित्रातही दरारा रक्तपातापेक्षा शिस्तीतून निर्माण होतो. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील सिंहलाच्या स्वारीचे चित्र याच दृष्टीने पाहावयास हवे.

नौकांतून येणारे हत्ती व घोडे, छत्रे, निशाणे, भाल्यांची दाटी आणि शुभ्र हत्तीवर आरूढ झालेला सिंहल. ग्रिफिथ्स यांनी हे चित्र महावंसातील विजयाच्या लंकागमनाचे मानले. वस्तुतः त्याचा विषय दिव्यावदानात आलेली सिंहलकथा होय, हे आता सर्वमान्य आहे. पालीच्या अभ्यासकास मात्र याहून मोठा भेद दिसतो. वलाहस्स जातकात (क्र. १९६) पाचशे व्यापाऱ्यांपैकी निम्मे उडत्या घोड्याच्या साहाय्याने राक्षसींच्या तावडीतून सुटतात, उरलेले भक्ष्य होतात. तेथे ना राज्याभिषेक आहे, ना स्वारी. सैन्य आले ते संस्कृत अवदानातून, आणि चित्रकाराने भिंतीवर त्यालाच मानाची जागा दिली.

सुटका ही व्यापाऱ्याची कथा, स्वारी ही राजाची. हे लेणे वाकाटक हरिषेणाच्या एका मांडलिकाने ५ व्या शतकात कोरवून घेतले. स्वतःचे प्रतिबिंब त्याला कोठे दिसले असेल, हे सांगावयास नको. परंतु याच लेण्याच्या शिलालेखात धाकटा भाऊ रविसांब याच्या मृत्यूनंतर अनित्यतेच्या जाणिवेने तो पुण्यकर्माकडे वळल्याचे नमूद आहे. लेख अनित्यता सांगतो, चित्र सत्तेचा थाट मांडते. या विरोधाला ‘समन्वय’ असे गोड नाव देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला ती मान्य नाही.

साधारण त्याच काळातील २६ व्या लेण्यात मारविजयाचे शिल्प आहे. तेथेही हत्तीस्वार चाल करून येतो, पण तो मार आहे. चिन्ह तेच, अर्थ उलटा. सुत्तनिपातातील पधानसुत्तात तर माराची सेना पथकांप्रमाणे क्रमाने मोजली आहे: पहिली काम, दुसरी अरति, तिसरी भूक-तहान, चौथी तृष्णा. म्हणजे शिस्त माराजवळही आहे. समोर निःशस्त्र बसलेल्याजवळ पथक नाही, निशाण नाही.

या लेण्याचा दाता राजा नव्हे, बुद्धभद्र नावाचा भिक्षू होता. अर्थात तोही राजदरबारापासून दूर नव्हता. अश्मकाच्या मंत्र्याशी असलेली आपली मैत्री त्याने लेखात आवर्जून नोंदविली आहे.