टीकाकाराचे पाहणे

‘टीका’ या शब्दाला आपल्या भाषेत जी अवकळा आली आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली असे आपण म्हणतो, आणि वर्तमानपत्राने अमक्या पुढाऱ्यावर टीका केली असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात टीका म्हणजे अर्थ उकलून दाखविणे. दुसऱ्यात दोष देणे. मुळात नाही ते लिहावयाचे नाही आणि नको ते बोलावयाचे नाही, असा मल्लिनाथाचा बाणा होता. कालिदास मोठा की भारवी मोठा याचा निकाल देण्यासाठी तो बसलेला नव्हता. श्लोकात काय आहे ते वाचकाच्या दृष्टीस आणून द्यावे, एवढ्यासाठी त्याने लेखणी झिजविली. चित्रकलेच्या बाबतीत मात्र आपण टीकेचा दुसरा अर्थ तेवढा पत्करलेला दिसतो. प्रदर्शनाचे परीक्षण वाचावयास घ्यावे, तो त्यात सरस चित्रे कोणती व नीरस कोणती यांची नामावली सापडते. त्या चित्रांत परीक्षकाने पाहिले काय, याचा पत्ता बहुधा लागत नाही.

या दोन अर्थांतील अंतर किती महागात पडते हे एकाच पुरुषाच्या चरित्रात पाहावयाचे असेल, तर जॉन रस्किनचे चरित्र उघडावे. ‘मॉडर्न पेंटर्स’चा पहिला खंड १८४३ साली निघाला तेव्हा रस्किन अवघा चोवीस वर्षांचा होता, आणि ग्रंथावर नावाऐवजी केवळ ‘ऑक्सफर्डचा एक पदवीधर’ एवढेच छापले होते. टर्नर त्या वेळी सत्तरीकडे झुकलेला. आदल्याच वर्षी त्याने समुद्रावरील हिमवादळाचे चित्र मांडले असता, हा तर साबणाचा फेस आणि चुन्याचे पाणी, अशी त्याची टवाळी झाली होती. अशा वेळी दुसरा एखादा तरुण टर्नरची थोरवी गाण्यास लागला असता. रस्किनने तसे केवळ केले नाही. ढगाची कड कोठे विरते, लाट फुटल्यावर फेसाची जाळी कशी पसरते, डोंगराचे थर कोणत्या बाजूस कललेले असतात, हे त्याने पानेच्या पाने भरून सांगितले, आणि मग वाचकाला टर्नरच्या चित्रापुढे नेऊन उभे केले. हा ग्रंथ मिटल्यावर मनुष्य चित्रसंग्रहाकडे धाव घेण्यापूर्वी खिडकीपाशी जातो; निदान मी तरी गेलो होतो. आकाश इतकी वर्षे डोक्यावर होते आणि ते आपण पाहिलेच नाही, ही जाणीव देणारा टीकाकार विरळा.

हे पाहणेही निर्दोष नव्हते. टर्नरच्या गुलामांच्या जहाजाचे चित्र १८४० सालचे. मावळतीच्या रक्तवर्ण समुद्रात बेड्यांसह फेकलेल्या माणसांचे हातपाय त्यात दिसतात. रस्किनने त्या समुद्राचे जे वर्णन केले ते इंग्रजी गद्याचे एक भूषण मानले जाते. परंतु जहाज गुलामांचे आहे आणि माणसे पाण्यात टाकली जात आहेत, ही गोष्ट त्याने एका तळटीपेत उरकली! वडिलांनी ते चित्र त्याला विकतही घेऊन दिले होते. पुढे ते घरात ठेवणे त्याला असह्य झाले व त्याने ते विकून टाकले. तळटीपेत घातलेला मजकूर भिंतीवरून रोज त्याच्याकडे पाहत असला पाहिजे, असा माझा तर्क आहे.

असा हा पुरुष १८७७ साली लंडनच्या ग्रॉव्हनर गॅलरीत गेला. तेथे जेम्स व्हिसलरचे एक लहानसे चित्र होते. क्रेमॉर्न बागेतील आतषबाजी, काळोखी रात्र, आणि खाली ओघळणाऱ्या सोनेरी ठिणग्या. रस्किन तोपर्यंत ऑक्सफर्डचा प्राध्यापक व अवघ्या इंग्लंडचा कलागुरू झाला होता. कामकरी लोकांस उद्देशून तो जी पत्रे छापीत असे, त्यांतील एकात त्याने व्हिसलरला उद्धट विदूषक ठरविले. लोकांच्या तोंडावर रंगाचे भांडे फेकण्याबद्दल हा दोनशे गिनी मागतो, अशा अर्थाचे त्याचे बोल होते. काळोखात ठिणगी कशी विझते, धूर व नदीवरचे धुके यांची सीमा कोठे पुसते, याबद्दल अवाक्षर नाही. ढगाच्या कडेसाठी पानेच्या पाने देणाऱ्या लेखणीने या धुरासाठी एक ओळही दिली नाही.

व्हिसलरने अब्रुनुकसानीची फिर्याद लावून हजार पौंड मागितले. नोव्हेंबर १८७८ मध्ये दोन दिवस खटला चालला. दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता काय, असे प्रतिपक्षाच्या वकिलाने विचारले तेव्हा, त्या दोन दिवसांचे नव्हे तर आयुष्यभराच्या ज्ञानाचे, अशा आशयाचे उत्तर व्हिसलरने दिले, ते प्रसिद्धच आहे. मला त्याहून बोधप्रद वाटतात त्या दोन गोष्टी निराळ्या. प्रकृती बिघडल्यामुळे रस्किन साक्षीस आलाच नाही. त्याच्या वतीने आलेल्या बर्न-जोन्सने व्हिसलरच्या रंगांची व वातावरणाची वाखाणणी करून शेवटी चित्र अपुरे असल्याचे सांगितले. दुसरी गोष्ट अशी की, पुरे केलेले चित्र कसे असते हे पंचांस कळावे म्हणून रस्किनच्या संग्रहातील टिशियनचे एक व्यक्तिचित्र न्यायालयात आणविले गेले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि कातेना नावाच्या निराळ्याच चित्रकाराचे मानले जाते.

निकाल व्हिसलरच्या बाजूने लागला. नुकसानभरपाई एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्च ज्याचा त्याने सोसावा असे ठरले. पुढील वर्षी व्हिसलरचे दिवाळे वाजले आणि रस्किनने प्राध्यापकपद सोडले. व्हिसलरने लगोलग एक पुस्तिका काढून, ज्याच्या हाती कुंचला नाही त्याने चित्रावर बोलूच नये, असा सिद्धांत मांडला. मला तो पटत नाही. स्वयंपाक न येणाऱ्यालाही आमटी खारट झाल्याचे कळते. मात्र पानात आमटी वाढली आहे की खीर, एवढे तरी त्याने पाहिले पाहिजे. आपण मांडलेली ती रंगांची रचना आहे, बागेचा नकाशा नव्हे, असे व्हिसलर न्यायालयात सांगत होता. आणि रस्किन खिरीत मीठ शोधीत होता.

रस्किनचा हा दोष मी इतक्या विस्ताराने सांगतो, याचे कारण तो मी स्वतः केलेला आहे, आणि रस्किनचे गुण अंगी नसताना केलेला आहे. मी बी. ए.च्या वर्गात असताना रविवर्म्याच्या चित्रांविषयी कुमारस्वामी व भगिनी निवेदिता यांचे लेख वाचले. १९०७ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात या दोघांनी त्याच्या चित्रांतील नाटकीपणावर कोरडे ओढले होते. भुईवर पहुडून पत्र लिहिणारी शकुंतला निवेदितांना मुळीच रुचली नव्हती. त्यांचे आक्षेप निराधार नव्हते. कुमारस्वामींचा नाटकीपणाचा आक्षेप मला आजही बराचसा मान्य आहे. परंतु त्यांनी चित्रे पाहिली होती. मी लेख पाहिले होते.

सुट्टीत वाईस आमच्या घरी गेलो. देवघरात रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी होती. १८९४ साली मुंबईत निघालेल्या व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस हललेल्या त्या छापखान्याच्या चित्रांनी कित्येक घरांत देव आणले. एकेका रंगासाठी निराळी शिळा लागे, वर रोगण चढे. मला त्यातले काही ठाऊक नव्हते. मी आजीला म्हणालो, “आजी, हे काही चित्र नव्हे, हे कॅलेंडर आहे.” कारणेही दिली, ती सर्व उसनी होती. आजीने वाद घातला नाही. “बाळ, तू एवढा शिकलास, तुला जास्त कळणार,” एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो तो भिंतीवर चौकटीच्या आकाराचा पांढरा चौकोन तेवढा होता.

आजी गेल्यावर घर आवरताना माळ्यावरील ट्रंकेत ते चित्र सापडले. मी ते उजेडात नेले आणि प्रथमच पाहिले. लक्ष्मीच्या लुगड्यावर खरी जर शिवलेली होती, काठावर टिकल्या होत्या. आजीच्या सासूबाईंनी त्या लावल्या होत्या असे आत्याने सांगितले. छापलेल्या निऱ्या जेथे दुमडतात तेथेच जर वळते; जेथे चित्रकाराने छाया धरली आहे तेथे टाका विरळ होतो. रंग कोठे संपतो आणि सुई कोठे सुरू होते हे हातभर अंतरावरून समजत नाही. ज्या बाईला सही करण्यापुरतीच अक्षरे येत, तिने या चित्राचा उजेड कोणत्या बाजूने येतो हे ओळखले होते.

चित्र सध्या माझ्या अभ्यासिकेत आहे. सोंडेत माळ घेतलेला हत्ती मला अजूनही मागून आणून चिकटविल्यासारखा वाटतो, पाण्याचा रंग बेताचा आहे, आणि देवीच्या मुद्रेवरचा शांतपणा थोडा रंगभूमीवरचा आहे. निऱ्यांचे काम मात्र उत्तम आहे. छापखान्याचेही आणि सुईचेही.