तीस हजार थरांचा हिशेब

जेकब ब्रोनोव्हस्की यांची 'द असेंट ऑफ मॅन' ही बीबीसीची तेरा भागांची मालिका 1973 साली प्रसारित झाली आणि त्याच वर्षी तिचे पुस्तकही निघाले. विज्ञानशिक्षकाने वाचावीत अशा पुस्तकांच्या यादीत ते असायलाच हवे. त्याच्या चौथ्या प्रकरणात धातूंची कथा आहे. तांबे, कांसे असे टप्पे घेत लेखक पोलादाकडे येतो आणि जपानमधील तलवार घडवणाऱ्या लोहाराच्या भट्टीपाशी थांबतो. ही मोजकीच पाने इतकी चित्रमय आहेत की वाचणारा शिक्षक ती वर्गात सांगितल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच त्यांतील एका विधानाची तपासणी करायला हवी.

विधान असे. लोहार पोलादाचा ठोकळा तापवतो, ठोकून लांब करतो, मधे चीर देऊन दुमडतो आणि पुन्हा ठोकून एकजीव करतो. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. पंधरा घड्यांनंतर ते तीस हजारांच्या वर जातात. इथपर्यंत ठीकच आहे, 2 चा 15 वा घात 32,768 येतो. पुढे मात्र लेखक म्हणतो की शेजारशेजारच्या थरांचे गुणधर्म वेगवेगळे असतात. एक लवचिक, दुसरा काचेसारखा कठीण. आणि तलवार म्हणजे या दोन गुणांचे हजारो पदरी सँडविच. घाव सोसणे आणि धार धरणे या परस्परविरोधी गोष्टी तिला साधतात त्या यामुळे.

कल्पना मोहक आहे. आपल्याकडच्या लेखांतही ती या ना त्या रूपात भेटते, आणि 'जितक्या घड्या जास्त तितके पाते भक्कम' असा तिचा पुढचा अवतारही भेटतो. पण त्याच पानावरचा आकडा घेऊन थोडा हिशेब केला, तर हे सँडविच टिकत नाही.

ठोकळा 30 मि.मी. जाडीचा धरू. दर घडीनंतर तो ठोकून पुन्हा तेवढाच जाड केला जातो. सहा घड्यांनंतर 64 थर, म्हणजे प्रत्येक थर सुमारे अर्धा मि.मी. दहा घड्यांनंतर 1,024 थर, प्रत्येकी 0.03 मि.मी. पंधरा घड्यांनंतर एका थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी! आता दुसरी बाजू पाहू. पोलादाला कठीणपणा येतो तो त्यातील कार्बनमुळे, आणि तापलेल्या लोखंडात कार्बनचे अणू एका जागी राहत नाहीत. ते जास्त कार्बनच्या भागाकडून कमी कार्बनच्या भागाकडे सरकत राहतात. यालाच विसरण म्हणतात. 1100 अंश सेल्सिअसला मिनिटभरात ते साधारण 0.05 मि.मी. अंतर कापतात. म्हणजे दहाव्या घडीच्या सुमारासच थर इतके पातळ झालेले असतात की एका मिनिटात कार्बन पलीकडच्या थरात पोचतो. आणि लोहार ठोकळा भट्टीत ठेवतो तो काही एकच मिनिट नव्हे, प्रत्येक घडीला पुन्हा पुन्हा. पंधराव्या घडीनंतर 'कठीण थर' आणि 'लवचिक थर' असा भेदच उरत नाही. थरांच्या ज्या संख्येने आपण थक्क होतो, तीच सँडविचच्या विरुद्ध साक्ष देते.

मग पात्याच्या पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते ती कशाची? यासाठी मला चिरोट्याचा दाखला सोयीचा वाटतो. चिरोट्याच्या पोळ्यांमधला साठा आपली जागा सोडत नाही, त्यामुळे पदर वेगळे दिसतात. पण वरून पाक घातला की तो सगळ्या पदरांत मुरतो. इथे कार्बन म्हणजे पाक. पदरांमध्ये अडकलेले मळीचे आणि ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण म्हणजे साठा. पदर दिसतात, पण गोडी सर्वत्र सारखी.

घड्या घालायच्या त्या मुख्यतः याच सारखेपणासाठी. जपानी तलवारीचे पोलाद 'तातारा' नावाच्या मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि लोणारी कोळसा यांपासून तयार होते. शिमाने प्रांतातील योकोता येथे 1977 साली ही भट्टी पुन्हा सुरू करण्यात आली. तीन दिवस तीन रात्री ती चालते; सुमारे 10 टन लोहवाळू आणि 12 टन कोळसा खाऊन अडीच टनांच्या आसपास एक वेडावाकडा गोळा देते. लोखंड त्यात पूर्ण वितळत नाही. त्यामुळे गोळ्याच्या एका तुकड्यात कार्बन दीड टक्का, तर दुसऱ्यात त्याच्या निम्माही नाही. शिवाय मळी आणि पोकळ्या. अशा मालाचे काय करायचे? निवडलेले तुकडे रचायचे, कागदात गुंडाळून वर गवताची राख आणि मातीचा काला लावायचा, तापवायचे, ठोकायचे, दुमडायचे. मळी पिळून निघते, कार्बन सगळीकडे सारखा पसरतो. पण दर तापवणीला थोडा कार्बन जळून जातो आणि लोखंडही खपल्यांच्या रूपाने गळते. एक ते दीड टक्क्याने सुरुवात झालेला कार्बन शेवटी 0.6-0.7 टक्क्यांवर येतो. घड्या घालतच राहिले तर तो आणखी उतरेल आणि पाते धारच धरणार नाही. म्हणून लोहार थांबतो. घडी हा कच्च्या मालाच्या दोषावरचा उपाय आहे. आजचा छोट्या कार्यशाळेतला चाकू घडवणारा कारागीर कारखान्यातले एकसारखे पोलाद वापरतो तेव्हा त्याला घड्यांची गरज नसते. तरीही कोणी थरांची नक्षी काढतो ती शोभेसाठी.

जपानी पात्यात खरेखुरे सँडविचही असते, पण ते दोन-तीन पदरांचे. तलवारीत कमी कार्बनच्या मऊ गाभ्याभोवती कठीण पोलादाचे वेष्टन असते. साकाई शहरातील स्वयंपाकाच्या सुऱ्यांत मऊ लोखंडाच्या पट्टीवर कठीण पोलादाचा एक पदर तापवून ठोकून जोडतात. हे पदर काही मि.मी. जाड असल्याने कार्बनला सगळा प्रदेश ओलांडायला सवड मिळत नाही. ब्रोनोव्हस्कींनी तीस हजारांऐवजी या दोन पदरांवर लक्ष दिले असते तर त्यांचे म्हणणे खरे ठरले असते.

त्यांच्या वर्णनातील सर्वांत बळकट भाग आहे तो पाणी देण्याचा. तिथे लेखकाने काय पाहायचे ते नेमके ओळखले आहे. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप, धारेकडे पातळ. मग पाते तापवून पाण्यात. धार क्षणार्धात थंड होते आणि तिथे 'मार्टेन्साइट' ही अतिशय कठीण स्फटिकरचना तयार होते. पाठ सावकाश थंड होते, तिथे 'पर्लाइट' ही मऊ आणि चिवट रचना बनते. पोलाद एकच, कार्बनही जवळपास तेवढाच. फरक फक्त थंड होण्याच्या वेगाचा! मार्टेन्साइटला जागा जास्त लागते, म्हणून धारेची बाजू लांबते आणि सरळ पाते पाठीकडे वाकते. तलवारीचा प्रसिद्ध बाक असा पाण्यात जन्मतो. हे काम अंधारात करतात, कारण उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवतो, आणि लोहाराचा तापमापक तो रंगच.

लेखी सूत्र नसेल तेथे कृतींचा क्रम विधीच्या रूपाने जपला जातो, हे ब्रोनोव्हस्कींचे निरीक्षण मला मोलाचे वाटते. पण त्यालाही एक पुरवणी हवी: विधी क्रम जपतो, कारण जपत नाही. घड्या 'का' याचे उत्तर विधीत नसते, म्हणून बाहेरून पाहणारा आपल्या मनचे उत्तर तिथे बसवतो. एवढ्या विद्वान गणितज्ञाचेही तसेच झाले. ज्यांना कृती पायरीपायरीने पाहायची आहे त्यांनी लिऑन व हिरोको काप आणि योशिंदो योशिहारा यांचे 'द क्राफ्ट ऑफ द जपानीज स्वोर्ड' (1987) मिळवावे. योशिहारा स्वतः तलवारी घडवणारे आहेत, हे त्या पुस्तकाचे मोठे बळ. त्याचा विषय मात्र तलवारच. रोजच्या सुरीची आस असणाऱ्याला ते अपुरे वाटेल.

वर्गात ब्रोनोव्हस्कींची पाने जरूर वाचावीत, आणि 32,768 हा आकडा आला की फळ्यावर भागाकार करायला लावावा. दुसऱ्या दिवशी तीन दाभणे आणि स्पिरिटचा दिवा. पहिले दाभण पकडीत धरून लाल करून झटकन पाण्यात बुडवावे. वाकवताच ते तुटते (डोळ्यांवर चष्मा आणि दाभणाभोवती फडके हवेच). दुसरे लाल करून ज्योतीतून अगदी हळू बाहेर काढावे; ते वाकते, तुटत नाही. तिसऱ्याला पहिल्यासारखे पाणी देऊन, काचकागदाने चकचकीत करून, निळसर रंग येईपर्यंत हलकेच तापवावे. ते वाकून पुन्हा सरळ होते. पाण्याची वाटी ज्योतीला खेटून ठेवावी, नाहीतर दाभण वाटेतच थंड होते. आणि पहिले दाभण तुटलेच नाही, तर त्यात कार्बन किती असावा, हा प्रश्न मुलांनाच विचारावा.