नाव उठावाचं, काम ठशाचं

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात बाल्टिमोरच्या 'कर्क' पेढीच्या एका चांदीच्या चमच्याचं वर्णन होतं: 'अँटिक स्टर्लिंग, फुलापानांचं रिपूसे काम.' गाइडनी समासात एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' आणि माझं अर्धं पान कोसळलं. तुमचं कोसळू नये म्हणून हे लिहितेय.

रिपूसे म्हणजे उठावकाम. पत्रा आतून किंवा मागून ठोकून फुलं वर आणायची, मग भांड्यात राळ भरून पुढच्या बाजूनं पाकळ्या आणि शिरा कोरीव करायच्या. सॅम्युएल कर्क यांनी १८१५ मध्ये बाल्टिमोरला धंदा सुरू केला आणि या कामानं त्यांची पेढी गाजली. त्यांचा उठावकामाचा एखादा जग बघायला मिळाला, तर आत डोकावून बघा. बाहेर जिथे गुलाब फुगलाय, तिथे आत खळगा असतो. तो खळगा हा तुमचा पुरावा.

आता चमचा उलटा करा. दांड्याच्या मागे खळगा नाहीच! दांडा भरीव आहे. म्हणजे फुलं मागून उठवलेली नाहीत, ठशात दाबून काढलेली आहेत. मग 'रिपूसे' कुठून आलं? ते पेढीनं त्या नक्षीला दिलेलं विक्रीचं नाव आहे. मी जाहिरातीतला शब्द तंत्राचा पुरावा म्हणून वापरला होता.

'स्टर्लिंग'चंही तसंच. स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के चांदी असते. कर्कच्या बऱ्याच जुन्या वस्तूंवर '११ औंस' असा शिक्का असतो. म्हणजे बारा भागांत अकरा भाग, साधारण ९१.७ टक्के. फरक छोटा आहे, पण विधान चुकीचंच ठरतं.

राहिलं 'अँटिक'. ही नक्षी एकोणिसाव्या शतकात होती आणि विसाव्यातही विकली जात होती, त्यामुळे फुलं बघून काळ ठरत नाही. शिक्क्यात 'अँड सन' असेल, तर वस्तू १८४६ नंतरची. पण किती नंतरची, हे त्यावरून कळत नाही.

माझा आक्षेप चमच्यावर नाहीये. ठशाचं काम म्हणून तो देखणाच आहे. आक्षेप आहे तो जग आणि चमचा एकाच शब्दात गुंडाळणाऱ्या वर्णनांवर, आणि त्यात माझंही आलं. जगावरची प्रत्येक पाकळी कुणीतरी हातानं घडवली. शिक्का मात्र पेढीचा, कारागिराचं नाव त्यात नाही. त्याच्या हाताची खूण म्हणजे तो आतला खळगा. आपण दोन्हींना 'रिपूसे' म्हटलं, की तीही पुसली जाते.

तेव्हा तुमच्या मसुद्यातलं एखादं वर्णन आज काढा. त्यातल्या प्रत्येक विशेषणापुढे 'कशावरून?' लिहा. उत्तर वस्तूत सापडलं, तर विशेषण ठेवा. नुसतं नावात सापडलं, तर खोडा.