ई. पॉल टॉरन्स यांचे सर्जनशीलताविषयक कार्य : एक चिकित्सा

शिक्षणशास्त्राच्या आपल्याकडील प्रबंधांत ई. पॉल टॉरन्स (१९१५–२००३) यांचे नाव बहुधा त्यांच्या चाचणीपुरतेच येते. त्यांची कारकीर्द मात्र अधिक व्यापक होती. १९५० च्या दशकात अमेरिकन हवाई दलासाठी त्यांनी बिकट परिस्थितीत तग धरण्याच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. जेथे शिकविलेले उत्तर पुरत नाही, तेथे स्वतः मार्ग शोधावा लागतो. या विचाराचे मूळ वर्गात नव्हे, तर तेथे आहे.

१९५८ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठात आले. गिलफर्ड यांनी मांडलेल्या अपसारी विचाराच्या कल्पनेला त्यांनी शाळेत नेले. इयत्ता चौथीच्या सुमारास मुलांचे गुण घसरतात, हे त्यांचे निरीक्षण शाळेतील अनुरूपतेच्या दडपणाकडे बोट दाखवते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अपूर्ण आकृत्या पूर्ण करणे, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे उपयोग सुचविणे अशी कार्ये होती. प्रवाहिता, लवचिकता, मौलिकता व विस्तार या निकषांवर गुण दिले जात.

अडचण येथेच आहे. ज्याची उत्तरे अधिक, त्याच्या उत्तरांत एखादे दुर्मीळ उत्तर असण्याचा संभवही अधिक. म्हणजे मौलिकतेच्या गुणांत प्रवाहिता मिसळलेलीच असते. १९८४ च्या सुधारित गुणांकनात आकृतिचाचणीतून लवचिकता वगळण्यात आली, तीही प्रवाहितेशी असलेल्या निकट सहसंबंधामुळे. शिवाय खोक्याचे वीस उपयोग सांगणारा विद्यार्थी कवितेत वा गणितातही नवे काही करील, हे गृहीत धरता येत नाही.

भारतात बाकर मेहदी, बी. के. पासी यांनी याच परंपरेत चाचण्या रचल्या. त्यांचा आधार घेऊन होणाऱ्या अनेक प्रयोगांत काही आठवड्यांचा उपक्रम, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि ‘सार्थक फरक’ असा ठरीव क्रम असतो. (उपक्रमातील खेळ चाचणीतील प्रश्नांसारखेच असतील, तर सर्जनशीलता वाढली की सराव, हे कोणी ठरवायचे?) अशा निष्कर्षांवर अध्यापनपद्धतीची शिफारस करणे शिक्षकांवर अन्यायकारक आहे.

खुद्द टॉरन्स अधिक सावध होते. उच्च गुण म्हणजे सर्जनशील जीवनाची हमी नव्हे, असे ते मानत. मिनेसोटातील शाळकरी मुलांचा त्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांत चाचणीच्या गुणांबरोबर एखाद्या विषयावर जडलेले प्रेम त्यांना महत्त्वाचे वाटले. त्या प्रेमासाठी आपल्या प्रबंधांच्या कोष्टकांत अद्याप रकाना नाही.