पुस्तकातला डोळा आणि कडेची नजर

बालभारतीच्या २०१८ सालच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान पुस्तकात निकटदृष्टिता व दूरदृष्टिता आकृत्यांनी चांगल्या समजावल्या आहेत. पण या आकृत्यांतले किरण मुख्य अक्षालगतचेच! अंधेरी स्थानकाबाहेर रस्ता ओलांडताना बाजूने येणारी रिक्षा जाणवते ती कडेच्या नजरेला. तिरपे येणारे किरण दृष्टिपटलावर एका बिंदूत मिळत नाहीत, प्रतिमा पसरते. थॉमस यंग यांनी १८०१ मध्येच हा दोष मांडला होता. भिंगाने तो दूर केला, तरी कडेची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, कारण तेथे दृष्टिपटलातील गँग्लियन पेशी विरळ असतात. ‘काहीतरी आहे’ ही चाहूल मात्र अधिक चांगली लागते. हा भेद पुस्तकात हवा होता. शिक्षकांनी विद्यार्थ्याला फळ्यावरील ठिपक्याकडे पाहत ठेवून बाजूने अक्षराचे कार्ड हळूहळू पुढे आणावे. चाहूल आधी, ओळख नंतर!