‘जनशत्रू’च्या रंगमंचावर नसलेला डॉक्टर

हेन्रिक इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ (१८८२) या नाटकाची चर्चा बहुधा ‘एकटा विरुद्ध बहुमत’ अशीच होते. गावाला पैसा मिळवून देणाऱ्या स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे डॉ. स्टॉकमन सिद्ध करतो; महापौर असलेला सख्खा भाऊ, वृत्तपत्र आणि अखेर सारे गाव त्याच्यावर उलटते. सत्यजित राय यांनी ‘गणशत्रु’त (१९८९) स्नानगृहांच्या जागी देऊळ आणले. तुळस पडलेले तीर्थ दूषित कसे असेल, हा प्रश्न आपल्या कानांना परका नाही.

तरीही मूळ नाटक वाचताना मला एक उणीव खटकते. विद्यापीठातून आलेला तपासणीचा अहवाल स्टॉकमनला आनंदच देतो, कारण नळ चुकीच्या जागी टाकल्याचे तो आधीपासून सांगत होता. नकोसा निष्कर्ष इतरांना नकोसा आहे; शास्त्रज्ञाला स्वतःचे काहीच सोडावे लागत नाही. त्याला खोडून काढणारा दुसरा डॉक्टरही नाटकात नाही.

इतिहासात तो डॉक्टर आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४६ साली डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात शंभरातल्या ११हून अधिक बाळंतिणी दगावत. सुइणींच्या कक्षात तीनहून कमी. शवविच्छेदन करून आलेले हात क्लोरीनच्या द्रावणाने धुवायला लावताच १८४८मध्ये पहिला आकडा सव्वा टक्क्यापर्यंत उतरला. तरी इग्नाझ सेमेलवाइसचे म्हणणे नाकारले गेले. काही आक्षेप प्रामाणिक होते: जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, आणि त्यानेही सविस्तर ग्रंथ थेट १८६१मध्ये काढला. पण मान्य करणे म्हणजे, ‘त्या बायका माझ्या हातांनी मेल्या’ असे म्हणणे होते. कीलच्या गुस्ताव मिखाएलिसने ते मान्य केले. स्वतः तपासलेली चुलत बहीण बाळंतरोगाने गेली होती. १८४८मध्ये त्याने रेल्वेखाली जीव दिला.

इब्सेनने सत्तेचा आणि पैशाचा विरोध अचूक टिपला. मिखाएलिससारख्याला मात्र त्याच्या रंगमंचावर जागा नाही. म्हणून हे नाटक पाहणारा डॉक्टर निर्धास्तपणे स्टॉकमनच्या बाजूने टाळ्या वाजवू शकतो. मला हवे आहे ते नाटक, ज्यात अहवाल उघडणाऱ्याचेच हात थरथरतील.